जुनी स्टीलची स्कूबा टाकी घेताना काय बघायचं

स्टीलची स्कूबा टाकी नीट सांभाळली तर पन्नास वर्षंही चालते. १९६० च्या दशकातल्या ७२ घनफुटी टाक्या (म्हणजे पूर्ण भरल्यावर इतकी घनफूट हवा मावणाऱ्या) अमेरिकेत आजही हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची ताकद-चाचणी, पास होऊन पाण्यात जातात. पण तशाच टाकीत चमचाभर समुद्राचं पाणी शिरलं आणि वर पूर्ण दाबाने हवा भरून ती कोपऱ्यात ठेवली, तर काही महिन्यांत ती भंगारात काढायची वेळ येते. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. फरक कळतो तो आतल्या बुडाशी आणि बाहेरच्या प्लास्टिक बुटाखाली. या दोन जागा दाखवायला जो विकणारा तयार नाही, त्याच्याकडून टाकी घेऊ नका, मग तो किंमत कितीही उतरवो.

इथलं बरंचसं वर्णन अमेरिकन टाक्यांचं आहे. वापरलेल्या स्टीलच्या टाक्यांचा मोठा बाजार तिथे आहे आणि तिथे राहून डाइव्हिंग करणारे मराठी लोकही पुष्कळ आहेत. युरोपातल्या टाक्यांवरच्या खुणा वेगळ्या असतात, त्याही सांगितल्या आहेत. भारतासाठीचे नियम शेवटाकडे.

आधी ठरवा, स्टील हवंच का

डाइव्ह सेंटरवर भाड्याने मिळणारी ॲल्युमिनियमची ८० घनफुटी टाकी हवा संपत आली की जवळजवळ २ किलोने तरंगायला लागते. ते भरून काढायला बेल्टवर शिसं चढवावं लागतं. १०० घनफुटी हाय-प्रेशर स्टीलची टाकी रिकामी झाली तरी साधारण १ किलोने बुडतीच राहते. म्हणजे कमरेवरचं सुमारे ३ किलो शिसं उतरलं. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) किंवा ७ मिमीचा वेटसूट (जाड फोमचा पोशाख) घालून थंड पाण्यात उतरणाऱ्याला हा मोठाच आराम आहे.

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानच्या पाण्यात ३ मिमीच्या सूटमध्ये हेच गणित उलटतं. ॲल्युमिनियमच्या टाकीवर ज्याला २-३ किलोच शिसं लागतं, त्याच्या अंगावर जड स्टील आलं की बेल्टवर काढून टाकण्यासारखं काही उरतच नाही. वरून भरलेली १०० घनफुटी टाकी साडेचार किलोने खाली ओढते. खोलवर वेटसूट दबून त्याची तरंगण्याची ताकद घटलेली असते. तिथे बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट, फाटली तर नुसत्या फिन्स मारून वर येणं कठीण होतं. वेटसूटमध्ये दोन स्टीलच्या टाक्या पाठीवर घेणं तर सरळ धोक्याचं आहे. म्हणून ज्या मापाची टाकी घ्यायची, तशी एक भाड्याने घेऊन त्यावर दोन डाइव्ह करा. डाइव्हच्या शेवटी ५ मीटरवर, ३०-४० बार दाबाची हवा उरलेली असताना, बीसीडी रिकामी करून स्थिर राहता येतं का बघा.

मापाबद्दल थोडक्यात. जुनी ७२ घनफुटी टाकी हलकी, सडपातळ आणि पाण्यात जवळजवळ समतोल असते. लहान चणीच्या माणसाला ती उत्तम. ९५ घनफुटी लो-प्रेशर, म्हणजे कमी दाबाला भरायची, टाकी ८ इंच व्यासाची आणि नुसतीच १७ ते १९ किलोची भरते. जिन्यावरून दोनदा चढवून बघा आणि तुमच्या बीसीडीचा पट्टा तिच्याभोवती पुरतो का तेही. हाय-प्रेशर टाकीवर ३४४२ पीएसआय, म्हणजे २३७ बार लिहिलेलं असतं. पण तुमच्या जवळच्या सेंटरचा कंप्रेसर २०० बारलाच थांबत असेल तर तिच्या १०० घनफुटांतले ८४ च तुमच्या वाट्याला येतील. लो-प्रेशर टाकी तिथेही पूर्ण भरते. टाकी निवडण्याआधी ती कुठे भरून घेणार ते ठरवा.

खांद्यावरचे ठसे वाचा

टाकीची कुंडली तिच्या खांद्यावर ठोकलेली असते. टॉर्च तिरका धरून वाचा. जाड रंगाने ठसे बुजले असतील तर रंग खरवडून वाचू द्यायला सांगा.

अमेरिकन टाकीवर ‘डीओटी ३एए२४००’ अशा धर्तीची ओळ असते. डीओटी म्हणजे तिथलं वाहतूक खातं. ३एए हा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या टाकीचा वर्ग आणि २४०० हा कामाचा दाब पीएसआयमध्ये. फार जुन्या टाक्यांवर डीओटीच्या जागी ‘आयसीसी’, म्हणजे त्याआधीच्या नियामक आयोगाचं नाव, असतं. तेवढ्यावरून टाकी बाद होत नाही. हाय-प्रेशर टाक्यांवर बहुधा ३एए नसून विशेष परवान्याचा क्रमांक असतो, आधी ‘ई’ किंवा ‘एसपी’ ही अक्षरं. तो परवाना आजही चालू आहे का, हे हायड्रो करणाऱ्या केंद्राला फोन करून विचारा. परवाना संपला असेल तर टाकी कितीही ठणठणीत असली तरी तिची पुन्हा टेस्ट होत नाही.

त्यापुढे टेस्टच्या तारखा. डावीकडे महिना, उजवीकडे वर्ष आणि मधल्या चौकोनात टेस्ट केंद्राचा चार अक्षरी क्रमांक. अमेरिकेत दर ५ वर्षांनी हायड्रो लागते. तारखांची रांग नीट वाचली तर टाकीचं आयुष्य कळतं. दर ५ वर्षांनी ठसा असेल तर टाकी वापरात होती आणि कुणीतरी तिच्यात नियमित डोकावत होतं. १९९४ नंतर एकदम २०२३ चा ठसा दिसला तर मधली जवळजवळ तीस वर्षं ती कशा अवस्थेत पडून होती, हे विचारायलाच हवं.

तारखेनंतर अधिकचं चिन्ह आहे का बघा. ते असेल तर ३एए टाकी लिहिलेल्या दाबापेक्षा १० टक्के जास्त भरता येते: २४०० ची २६४० पर्यंत, २२५० ची २४७५ पर्यंत. ७२ घनफुटी टाकीची खरी क्षमता ७१.२ घनफूट, तीही २४७५ पीएसआयला. चिन्ह नसेल तर तीच टाकी ६५ घनफुटांच्या आत येते. हे चिन्ह दर हायड्रोला नव्याने मिळवावं लागतं. टेस्ट करणारे ते आपण होऊन देतीलच असं नाही, म्हणून टाकी देताना पावतीवर ‘अधिक चिन्हासाठी टेस्ट’ असं लिहून घ्या.

युरोपियन टाकीवर माहिती जास्त असते: पाण्याची क्षमता लिटरमध्ये, कामाचा दाब (२३२ किंवा ३०० बार), टेस्टचा दाब (३४८ किंवा ४५० बार), आट्यांचं माप आणि रिकाम्या टाकीचं वजन किलोत. हे शेवटचं सोन्यासारखं आहे. व्हॉल्व्ह आणि बूट काढून टाकी काट्यावर ठेवा. गंजून गेलेलं लोखंड वजनातून गेलेलंच असतं. १४ किलोच्या टाकीत ७०० ग्रॅमची घट म्हणजे ५ टक्के, आणि भारतीय नियमांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलेलं सिलिंडर बाद करायचं असतं. आधीच्या मालकाने वर रंगाचे थर चढवले असतील तर काटा थोडं जास्त दाखवेल, ते लक्षात ठेवा.

अनुक्रमांकावर किंवा दाबाच्या आकड्यावर ‘एक्स’ची रांग ठोकलेली असेल, किंवा तिथलं पोलाद घासून गुळगुळीत केलेलं असेल, तर ती टाकी बाद ठरवलेली आहे किंवा चोरीची. तिथेच निघा.

बाहेरची पाहणी: बूट काढायला लावा

स्टीलच्या टाकीचं बूड गोल असतं, म्हणून तिला उभी राहायला प्लास्टिकचा बूट लागतो. त्या बुटात खारं पाणी आणि वाळू अडकते आणि बुटाच्या वरच्या कडेला, टाकीभोवती गोल कड्यासारखा गंज धरतो. बाहेरून बाद होणाऱ्या कितीतरी टाक्या याच ओळीवर बाद होतात. एखादा सुटा खड्डा परवडतो, पण एका रेषेत लागलेले खड्डे भिंतीला सलग कमकुवत करतात आणि निरीक्षक त्यांच्याकडे जास्त कडक नजरेने बघतो. कोमट साबणाच्या पाण्यात बूड बुडवून ठेवलं की बूट सैल होतो. मग रबरी हातोडीने खालच्या दिशेने ठोकत काढा. तारेच्या ब्रशने गंज झाडा आणि खाली काय उरतं ते नखाने चाचपा. पावडरीसारखा गंज निघून खाली सपाट धातू लागला तर ठीक. नख अडकेल असे खड्डे असतील तर निरीक्षकाने खोली मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

बीसीडीचा पट्टा बसतो ती जागा, जाळी घातली असेल तर जाळीखालचं सगळं अंग, आणि जुन्या टाक्यांवर असलेलं जाड रबरासारखं व्हिनाइलचं आवरण या जागाही तशाच. व्हिनाइलखाली पाणी शिरलं की ते वर्षानुवर्षं वाळत नाही. आवरण फुगलेलं किंवा फाटलेलं असेल तर ते पूर्ण सोलून काढल्यावरच टाकीचा विचार करायचा.

गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा जाड लेप दिलेली टाकी राखाडी आणि ठिपकेदार दिसते. वापरलेल्यांत शक्यतो तीच शोधा. जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. रंगवलेल्या टाकीवर एक खोल ओरखडा पडला की रंगाखालून गंज पसरत जातो आणि बाहेर फक्त एक फोड दिसतो. असा फोड चावीच्या टोकाने फोडून बघा. विकायच्या आठवड्यात दिलेल्या ताज्या रंगावर भरवसा ठेवू नका.

जळल्याच्या खुणा, वेल्डिंगचा ठिपका, ग्राइंडरची खाच, पोट सुटल्यासारखा फुगवटा, यांतलं काहीही असेल तर टाकी नको. फुगवटा डोळ्यांना कळत नसेल तर सरळ पट्टी अंगावर उभी धरून टाकी फिरवा.

आत बघितल्याशिवाय नाही

व्हॉल्व्ह काढण्याआधीही थोडं कळतं. टाकी हळूहळू उलटी करा आणि कान लावा. वाळू सरकल्यासारखा आवाज आला तर ते गंजाचे पापुद्रे. मग टाकी उलटीच धरून, व्हॉल्व्हच्या तोंडासमोर पांढरं फडकं ठेवून अगदी थोडी हवा सोडा. फडक्यावर ओल किंवा तांबूस डाग आला तर आत पाणी आहे. विकणाऱ्याचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाच्या दाबाला आणणारं यंत्र) बघायला मिळाला तर त्याच्या पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे टाकीला जोडायच्या भागाच्या, तोंडाशी असलेला बारीक फिल्टर बघा. तो तांबूस तपकिरी झाला असेल तर कुठल्या तरी स्टीलच्या टाकीतला गंज तिथवर आलेला आहे. हिरवा असेल तर तो पितळेचा गंज, टाकीचा त्यात दोष नाही.

आत जुनी हवा असेल तर ती ऑक्सिजन ॲनालायझरवर तपासा आणि त्याआधी तिच्यातून श्वास अजिबात घेऊ नका. लोखंड गंजतं तेव्हा ऑक्सिजन खातं. बंद टाकीत बराच काळ गंज चालू राहिला तर हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून इतका उतरू शकतो की श्वास घेणारा काही जाणवायच्या आत बेशुद्ध पडतो. ॲनालायझरचा आकडा २०.९ पेक्षा स्पष्ट खाली असेल तर गंज किती आहे हे टाकीनेच सांगितलं.

व्हॉल्व्ह दुकानात काढून घ्या. पद्धत मात्र माहीत हवी. हवा पूर्ण सोडायची, व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा, आणि मग आटे सोडवायचे. रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह रबरी हातोडीच्या एक-दोन टोल्यांत सुटायला हवा. सुटत नसेल तर थांबा: मार्ग चोंदून आत दाब अडकलेला असू शकतो. अशा वेळी लांब पाना लावून जोर करणं जिवावर बेततं.

आत तारेवरचा छोटा एलईडी दिवा सोडा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा आरसा वापरा. पुसला की निघणारी फिकट नारिंगी झाक हायड्रोनंतर नीट न वाळवल्यानेही येते, त्याने घाबरायचं कारण नाही. बुडाशी गोल डाग म्हणजे टाकी उभी असताना पाणी साचलं होतं. अंगाच्या बाजूने वरपासून खालपर्यंत पट्टा दिसला तर टाकी पाण्यासकट आडवी पडून होती. हा पट्टा जास्त वाईट, कारण बुडाचं पोलाद जाड असतं आणि भिंतीचं पातळ. पापुद्रे, फोड आणि त्यांच्याखाली काळे खड्डे दिसले तर टाकी सोडा.

टंबलिंग करून, म्हणजे टाकीत सिरॅमिकचे किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे खडे घालून ती काही तास फिरवून, वरवरचा गंज काढता येतो. खड्डे त्याने भरत नाहीत. उलट टंबलिंगनंतरच खड्ड्यांची खरी खोली दिसते, म्हणून ते खर्चाचं काम सौदा ठरण्याआधी विकणाऱ्याने करून द्यावं.

काही जुन्या टाक्यांना आतून इपॉक्सीचा रंग दिलेला असतो. हे अस्तर सुईच्या टोकाएवढं फुटलं तरी त्याच्या मागे गंज वाढत राहतो आणि तो दिसत नाही. बरीच दुकानं अशी टाकी भरायलाच नकार देतात. घेऊ नका. आत तेलाचा वास आला तर आधीच्या कंप्रेसरचा फिल्टर खराब होता. ती टाकी धुऊन घ्यावी लागेल आणि ऑक्सिजन मिसळून नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, करायच्या कामाला तर तशीच मुळीच वापरता येणार नाही.

ॲल्युमिनियमच्या काही जुन्या टाक्यांच्या मानेला भेगा पडतात, म्हणून त्यांना वेगळी इलेक्ट्रॉनिक तपासणी लागते. स्टीलला ती लागत नाही, हा खरा फायदा आहे.

आटे आणि व्हॉल्व्ह

आजच्या अमेरिकन टाक्यांच्या मानेला पाऊण इंची, इंचाला १४ आटे असतात. युरोपात एम२५×२. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. एम२५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत सैलसर बसतो आणि काही फेरे फिरतोही, पण दाबाखाली तो गोळीसारखा उडतो. वापरलेल्या टाकीवर मूळचाच व्हॉल्व्ह असेल असं समजू नका. मानेवरचा आणि व्हॉल्व्हच्या बुंध्यावरचा, दोन्ही ठसे वाचून जुळवा. काही जुन्या ३५०० पीएसआयच्या टाक्यांना ७/८ इंची मान असते आणि फार जुन्यांना निमुळते अर्धा इंची आटे. दोन्हींचे व्हॉल्व्ह मिळवताना दमछाक होते.

आट्यांवरून बोट फिरवा. तुटलेला, चपटा झालेला किंवा गंजाने खाल्लेला आटा चालत नाही. ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) बसते ती जागा आरशासारखी साफ हवी. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला छोटी नळी आहे ना बघा. ती नसेल तर टाकी उलटी झाली की गंजाचे कण थेट रेग्युलेटरमध्ये जातात.

अमेरिकन व्हॉल्व्हला बर्स्ट डिस्क असते. दाब टेस्टच्या पातळीकडे गेला तर ती फुटून हवा सोडते. २२५० च्या टाकीचा टेस्ट दाब ३७५० आणि ३००० च्या टाकीचा ५०००. ॲल्युमिनियमच्या टाकीवरून काढलेला व्हॉल्व्ह ५००० च्या डिस्कसकट ७२ घनफुटी स्टीलवर चढवलेला असेल, तर संरक्षण नावापुरतंच उरलं. टाकी घेतल्यावर डिस्क बदलाच. बाजूला लांब दांडी असलेला जुना ‘जे’ व्हॉल्व्हही बदलून साधा बसवा, कारण त्याची राखीव हवेची यंत्रणा नकळत बंद राहू शकते आणि टाकी अर्धवटच भरली जाते.

हायड्रो आणि सौदा

हायड्रोत टाकी पाण्याच्या आवरणात ठेवून तिच्यावर ठरलेला टेस्ट दाब देतात; ३एए टाकीला तो कामाच्या दाबाच्या ५/३ पट असतो. टाकी फुगते किती आणि दाब सोडल्यावर मूळ आकाराला येते किती, हे मोजतात. कायमची फूग एकूण फुगीच्या १० टक्क्यांहून जास्त राहिली की टाकी नापास. उत्तर फ्लोरिडातल्या गुहांच्या भागात लो-प्रेशर टाक्या ३६०० पीएसआयपर्यंत भरण्याचा प्रघात आहे. तिकडून आलेली टाकी असेल तर जुनी हायड्रो चालू असली तरी नवी करून घ्या.

हायड्रो ताकद तपासते, गंजाचं मोजमाप करत नाही. शिवाय ती टाकीत पाणी भरूनच होते. नीट वाळवली नाही तर त्याच आठवड्यात गंज सुरू होतो. म्हणून ‘कालच हायड्रो झाली’ ऐकल्यावरही आतली पाहणी नव्याने करून घ्या.

सौदा असा ठेवा: विकणारा आणि तुम्ही दोघं टाकी घेऊन केंद्रावर जाता, आतली पाहणी आणि हायड्रो होते, पास झाली तर पैसे. नापास झालेली टाकी केंद्र जागीच बाद ठरवतं, ती पुन्हा भरता येत नाही. टेस्टचा खर्च अशा वेळी कोणी सोसायचा, हे आधी बोलून घ्या. मागितलेली किंमत, हायड्रो, पाहणी, व्हॉल्व्हचं सर्व्हिसिंग आणि डिस्क यांची बेरीज करा. ती नव्या टाकीच्या दोन तृतीयांशांवर गेली तर नवीच घ्यावी.

टाकी भारतात आणायची असेल तर

भारतात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, करते. सिलिंडर आयात करायला तिची मान्यता लागते. परदेशातून सामानात आणलेल्या डीओटीच्या टाकीला ती नसेल तर जबाबदार सेंटर ती भरणार नाही. म्हणून तिकडे स्वस्त मिळतेय एवढ्यावरून उचलून आणू नका, आधी जिथे भरून घेणार त्या सेंटरला विचारा. इथे वापरलेली टाकी घ्यायची तर मान्यतेचे ठसे असलेलीच घ्या. भारतीय बनावटीच्या सीमलेस पोलादी सिलिंडरवर ‘आयएस ७२८५’ हे मानक दिसेल. औद्योगिक ऑक्सिजनचं किंवा अग्निशमनाचं सिलिंडर रंगवून स्कूबा म्हणून कोणी देऊ केलं तर ते स्वस्तातही नको.

घरी आणल्यावर

नव्या ओ-रिंगसह व्हॉल्व्ह बसवताना आट्यांना ऑक्सिजनला चालणारं ग्रीस अगदी हलकं लावा, म्हणजे पितळ आणि पोलाद एकमेकांत जाम होत नाहीत. पाणी सहज निथळणारा बूट घ्या आणि प्रत्येक खाऱ्या डाइव्हनंतर तो सरकवून गोड्या पाण्याने धुवा. टाकी पाण्याखाली कधीच पूर्ण रिकामी करू नका, २०-३० बार ठेवा. भरून घ्यायला देताना व्हॉल्व्हच्या तोंडातलं पाणी उडवून द्या, कारण आत जाणारं पाणी बहुतेक तिथूनच भरणीच्या नळीबरोबर जातं. ठेवताना उभी ठेवा, थोड्या दाबाने.

पहिली भरणी सावकाश करून घ्या. गरम टाकीचा दाब थंड झाल्यावर उतरतो, तो गळती समजू नका. टाकी थंड झाल्यावर दाब लिहून ठेवा, मानेवर आणि डिस्कवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा गेज लावा.